कार्बोरेटरचं ‘फ्लडिंग’: ओव्हर होणे की पेट्रोल जास्त होणे?

प्रश्न:
नमस्कार. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांसाठी फवारणी पंपाच्या लहान पेट्रोल इंजिनाची मराठी माहितीपुस्तिका लिहितो आहे. इंग्रजी पुस्तिकेत ‘फ्लडिंग’, म्हणजे कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) किंवा इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल येणे, हा शब्द पानोपानी येतो. ‘पूर येणे’ लिहिता येणार नाही. ‘तुंबणे’ सुचलं, पण मन घेत नाही. नागपुरातले मेकॅनिक याला काय म्हणतात?

उत्तर:
‘तुंबणे’ नकोच. मोरी तुंबते तेव्हा पुढची वाट बंद झालेली असते. इथे जी वाट बंद व्हायला हवी तीच उघडी राहिलेली असते. ‘तुंबला’ असं वाचून शेतकरी जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) तार घालेल, जेटचं भोक मोठं होईल आणि चांगला कार्बोरेटर कायमचा बिघडेल. ‘उतू जाणे’ला खाली आच लागते. ‘ओसंडणे’ अर्थाने चपखल आहे, पण गॅरेजात तो कोणी बोलत नाही. कॉटन मार्केटला जा की सदरला, ‘कार्बोरेटर ओव्हर होऊन राहिला’ हेच ऐकू येईल. तोच शब्द घ्या.

मात्र एवढ्याने भागणार नाही. इंग्रजी पुस्तिका ‘फ्लडिंग’ या एकाच नावाखाली दोन बिघाड घालते. आपले मेकॅनिक ते वेगळे ठेवतात, आणि तेच बरोबर आहे.

एक, ओव्हर होणे. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये पेट्रोल भरत आलं की फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) वर उचलला जातो आणि सुई दाबून पेट्रोल बंद करतो. सुईखाली कचरा अडकला, सुईचं टोक झिजलं किंवा फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं, की ते थांबतच नाही. नळीतून ठिबकतं, नाहीतर इंजिनात उतरतं आणि फोर-स्ट्रोकमध्ये तिथल्या ऑइलमध्ये मिसळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पंप पडून असेल तर बाउलमधलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि सुई त्यातच चिकटून बसते. म्हणून फवारणी संपल्यावर कॉक (पेट्रोलचा नळ) बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं. हे वाक्य पुस्तिकेत ठळक छापा.

दोन, पेट्रोल जास्त होणे किंवा प्लग ओला होणे. यात कार्बोरेटर ठणठणीत असतो. चोक (हवा कमी करणारी झडप) लावून दोरी ओढत राहिल्यामुळे सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलेलं असतं.

दोन्हींत प्लग काढला तर ओलाच निघतो, त्यामुळे नुसत्या प्लगवरून ठरवू नका. इंजिन बंद ठेवा, कॉक उघडा आणि थोडा वेळ कार्बोरेटरकडे पाहा. ठिबकलं तर ओव्हर आहे. कॉक बंद करून बाउलवर पेचकसाच्या मुठीने हलकं ठोका. अडकलेली सुई बरेचदा एवढ्यानेच सुटते. नाही सुटली तर बाउल उघडून सुई आणि फ्लोट तपासावाच लागेल. फ्लोट कानाशी हलवला आणि आत पेट्रोल डुचमळलं, तर तो बदला.

काहीच ठिबकलं नाही आणि ऑइलची पातळीही वाढलेली नाही, तर पेट्रोल जास्त झालं आहे असं धरा. चोक काढा, थ्रॉटल (रेस) पूर्ण उघडा, प्लग पुसून बाजूला ठेवा आणि दोरी ओढून सिलिंडर मोकळा करा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो. त्या वेळी प्लगची वायर लांब हवी आणि आसपास बिडीसुद्धा नको. कार्बोरेटर ओव्हर झाला असेल आणि इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर ऑइलही पाहा. पातळी वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय चालू करू नका. पातळ ऑइलवर इंजिन झिजतं.

आणखी एक उत्तर:
दादा, ‘ओव्हर होणे’ आन् ‘ओव्हर करणे’ हेही येगळं आहे बरं. जुन्या जावा-येझदीच्या कार्बोरेटरवर एक बटण राहे. ते दाबलं का फ्लोट खाली जाये आन् पेट्रोल वर चढे. थंडीत गाडी सुरू करासाठी असं मुद्दाम ओव्हर करा लागे. म्हणून जुना माणूस ‘ओव्हर कर’ म्हणते, तो बिघाड नाही, ती रीत होय.

प्रश्नकर्ता:
काका, हे माहीत नव्हतं. मग पुस्तिकेत ‘ओव्हर होणे’ आणि ‘पेट्रोल जास्त होणे’ असे दोन वेगळे मथळे करतो. ‘नीडल’ला नुसतं ‘सुई’ लिहिलं तर चालेल ना?

उत्तर:
‘फ्लोटची सुई’ असं पूर्ण लिहा. मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये आणखी एक सुई असते. ती थ्रॉटलबरोबर वरखाली होते आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवते. शेतकऱ्याच्या घरी बाइक असतेच, त्यामुळे ‘सुई’ म्हटलं की त्याला तीच आठवू शकते. गवत कापायच्या बऱ्याच टू-स्ट्रोक यंत्रांत डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) कार्बोरेटर येतो. त्यात फ्लोटच नसतो, म्हणून हा भाग ‘फ्लोट असलेल्या इंजिनासाठी’ असं वर लिहूनच सुरू करा.