मायची चौथी केमो सोमवारी आहे. न्यावं का थांबावं?

गोदाकाठचा, २४ एप्रिल २०२१
आम्ही गेवराई तालुक्यातले. मायच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन जानेवारीत झालं. दर २१ दिवसांनी औरंगाबादला केमो, तीन झाल्या. कालपासून जिल्हा ओलांडायला पुन्हा ई-पास. मोठे मामा म्हणतात, "गाठ तर काढली ना? कोरोना निवळू दे आधी." मायलाही तेच पाहिजे. मागच्या खेपेला तोंड आलं, चार दिवस नुसत्या ताकावर होती. गल्लीतली दोन माणसं याच महिन्यात गेली. तिकडून कोरोना घेऊन आलो तर?

परळीकर
भाऊ, मागच्या वर्षी मी असंच ऐकलं. बायकोची एप्रिलमधली केमो चुकली, आम्ही थेट जूनमध्ये गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, फाईलवरच्या तारखाच परत परत बघत बसले. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. गाठ काढली तरी कॅन्सरच्या बारीक पेशी अंगात कुठं राहिल्या असतील, केमो त्यांच्यासाठी असते. तारीख पुढं ढकलायची तर डॉक्टर ढकलतील, मामा नाही. आजच फोन लावा.
पासला पोलिसांच्या साइटवर वैद्यकीय कारण टाका, आधार अन् हॉस्पिटलचं कार्ड जोडा. शहागडच्या पुलावर अडवलं तर मोबाईल चाचपडत बसू नका, झेरॉक्स हातात ठेवा. काळीपिवळीत बसवू नका. गावातली गाडी, काचा खाली, सोबत तुम्ही एकटेच.

सिस्टरताई
केमो वॉर्डात काम केलंय म्हणून सांगते. सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, गेवराईतच करा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तर केमो पुढं जाते, हेलपाटा वाचतो. उद्या रविवार, लॅबवाल्याला आत्ताच विचारा. आरटीपीसीआर लागतो का तेही.
खरी काळजी घरी आल्यावर. साधारण ७ ते १४ दिवसांत या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा ताप १००.४ झाला की क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. आणि कोरोनाच असेल म्हणून वेगळ्या खोलीत ठेवून वाटही बघायची नाही. त्याच रात्री दवाखाना, केमोची फाईल पुढं करायची. माय ४५ च्या वर असतील तर लस मिळते, पण कोणत्या दिवशी घ्यायची ते केमोच्या डॉक्टरांना विचारून.

गोदाकाठचा
डॉक्टर फोनवर भेटले. पांढऱ्या पेशी बऱ्या असल्या तर सोमवारीच आणा म्हणाले. लॅबवाला सकाळी घरी येतोय. तोंडासाठी या खेपेला आधीच औषध देणार आहेत, ते ऐकून माय जरा नरमली.
मामांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, गाडी माझी ने, डिझेल तू टाक.