दाताचे मूळ काढण्याचा खर्च: लूट की रास्त मोबदला?

पांथस्थ:
“मोडके मूळ काढायला पंधरा मिनिटे लागतात आणि त्यासाठी एवढे पैसे घेतात, ही उघड लूट आहे,” असे एका सदस्याने काल ठणकावून लिहिले आणि त्याला अनुमोदनही भरघोस मिळाले. हिरडीखाली मोडलेल्या मुळाला चिमट्यात धरण्याजोगे काही उरत नाही, म्हणून हिरडी चिरून बाजूला घ्यावी लागते, भोवतीचे हाड कोरावे लागते, दाढ असेल तर मुळे कापून सुटी करावी लागतात (खालच्या दाढेला बहुधा दोन, वरच्या दाढेला तीन) आणि शेवटी टाके घालावे लागतात. खाली ओठाला संवेदना देणारी नस आणि वर सायनसची पोकळी मुळाच्या टोकाला खेटून असू शकते. हे सारे पंधरा मिनिटांत उरकत असेल, तर वर्षानुवर्षे हात बसल्यामुळेच.

हिशेबनीस:
कौशल्याचे पैसे द्यायला ना नाही. तक्रार कागदाची आहे. माझ्या अंदाजपत्रकात भूल, क्ष-किरण आणि टाके यांच्याखाली ‘हाडाची पूड’ (दात काढल्यावर उरलेला खड्डा भरायची) अशी एक ओळ होती. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचे नसताना ती कशाला, असे विचारताच ती पेनाने खोडण्यात आली. न विचारणाऱ्याच्या कागदावर ती तशीच राहत असणार.

सडेतोड:
माझे मूळ पहिल्या दंतवैद्याच्याच हातून मोडले. ‘कट्’ असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. “तुमची मुळेच वाकडी आहेत,” असे सांगून त्यांनी दात काढल्याचे पूर्ण पैसे घेतले आणि शल्यविशारदांच्या नावे चिठ्ठी दिली. एकाच दातासाठी मी दोनदा पैसे का मोजावेत?

बत्तीशी:
मी स्वतः दंतवैद्य आहे. वाकडी मुळे किंवा रूट कॅनालनंतर ठिसूळ झालेला दात सर्व काळजी घेऊनही मोडतो, त्यामुळे मूळ मोडणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. तुकडा लहान असेल, संसर्ग नसेल आणि नस जवळ असेल, तर रुग्णाला सांगून तो आत राहू देणे आणि पुढे क्ष-किरणाने लक्ष ठेवणे हाही मान्य मार्ग आहे. आपल्या बाबतीत याचा विचार झाला होता का?

सडेतोड:
विषय टाळू नका. निष्काळजीपणा हा शब्द आपण आणलात, मी नव्हे. मुळे वाकडी असल्याचे क्ष-किरणात आधीच दिसत होते, तर खुर्चीत बसवण्यापूर्वी ते सांगायला कोणाची हरकत होती? शेवटी आपण सगळे एकाच माळेचे मणी.

बत्तीशी:
माळेत ओवण्यापूर्वी निदान चौकशी तरी करायची होती. आधी सांगायला हवे होते, हे मान्य आहे. अर्धवट राहिलेल्या कामाचे पूर्ण शुल्क मी घेत नाही. इतरांचे उत्तर मी देणार नाही.

हिशेबनीस:
या भांडणात पैसे उभे कसे करायचे ते राहूनच गेले. अनेक आरोग्य विमा योजना अपघाताखेरीज दातांचा खर्च देत नाहीत, आणि दातांसाठीच्या वेगळ्या विम्याला बहुधा वार्षिक मर्यादा व सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो; म्हणून पूर्वमंजुरी लेखी घ्यावी. ‘बिनव्याजी’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क दडलेले असू शकते. दंत महाविद्यालयात अध्यापकांच्या देखरेखीखाली हेच काम बरेच स्वस्तात होते, मात्र ताटकळावे लागते.

पांथस्थ:
ताटकळण्याची सूचना सरसकट करू नका. प्रतिजैविकांनी ठणका तात्पुरता शमला तरी संसर्गाचे घर आतच राहते. सूज गळ्याकडे उतरू लागली, ताप आला किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर पैशांची जुळवाजुळव मागाहून करावी आणि आधी रुग्णालय गाठावे.

सडेतोड:
सूज नाही, त्यामुळे मला वेळ आहे. शल्यविशारदांचे अंदाजपत्रक घेऊन पहिल्या दंतवैद्यांकडे जाणार आहे आणि घेतलेल्या शुल्कातला काही भाग परत मागणार आहे. नकार मिळाला, तर तोही लेखीच मागेन.