मदत हवी आहे : पीजीच्या रात्रीच्या ड्युट्या आणि लहान मुलगी, बेळगावात सोय कशी करावी?

शहापूरची_लेक
नमस्कार. मी डॉक्टर असून पदव्युत्तर शिक्षण (पीजी) घेते आहे. पुढच्या महिन्यापासून माझ्या रात्रीच्या ड्युट्या सुरू होत आहेत आणि मुलीला कोणाजवळ ठेवायचे हे अजून ठरलेले नाही. घरात मी आणि मुलगी एवढ्याच आहोत. पाळणाघरांची चौकशी करून झाली आहे. सगळी दिवेलागणीच्या आत बंद होतात. बेळगावात रात्री मूल सांभाळणारे कोणी माहीत असेल, किंवा कोणी अशी व्यवस्था स्वतः केली असेल, तर कृपया लवकर कळवावे.

निपाणीकर
ताई, मुलीचे वय, ड्युटी किती दिवसांनी येते आणि माहेर कुठे आहे, हे लिहिल्याशिवाय काही सुचवता येणार नाही. पीजी म्हणजे तीन वर्षांचा प्रश्न आहे. एखाद्या महिन्यापुरती केलेली सोय तीन वर्षे टिकत नाही, हे मी बहिणीच्या वेळी पाहिले आहे.

मराठी_शाळा_वाचवा
मुलीला बालवाडीत घालताना मराठी माध्यमाचाच विचार करावा. सीमाभागातल्या मराठी शाळांचे पट कमी होत चालले आहेत आणि शिकलेल्या पालकांनीच पाठ फिरवली, तर त्या टिकणार नाहीत.

निपाणीकर
आपला मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे प्रश्न रात्रीचा आहे.

शहापूरची_लेक
मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. माझा विषय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र आहे. दर चौथ्या दिवशी सकाळी आठला ड्युटी सुरू होते, ती दुसऱ्या दिवशी राउंड आणि हँडओव्हर संपेपर्यंत चालते. म्हणजे घरी यायला दुपार होते. आई चंदगड तालुक्यात असते. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यामुळे तिला कायमचे इकडे येता येत नाही. सासरशी संबंध उरलेला नाही.

टिळकवाडीतील_बालरोगतज्ज्ञ
प्रथम दिवसाचे पाहू. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. आपल्या रुग्णालयात परिचारिकांसाठी पाळणाघर असेल, तर तिथे प्रवेश मिळावा असा लेखी अर्ज अधिष्ठात्यांकडे करावा आणि त्यावर पोच घ्यावी.

वकील_अनगोळ
एक दुरुस्ती सुचवतो. पीजी करणाऱ्याला विद्यार्थी मानायचे की कर्मचारी, यावर कॉलेज हमखास अडून बसते. त्यामुळे अर्जात केवळ हक्काची भाषा न वापरता, पाळणाघर आधीच अस्तित्वात आहे आणि निवासी डॉक्टर (म्हणजे पीजी करणारे) त्याच रुग्णालयात पूर्णवेळ काम करतात, एवढे दोनच मुद्दे मांडावेत.

खानापूरच्या_काकू
बाळ, एवढी यातायात कशासाठी? तीन वर्षे मुलगी आजीकडे चंदगडला ठेव. आमच्या पिढीत कितीतरी मुले आजोळीच वाढली आणि चांगली वाढली.

निपाणीकर
काकू, त्या आजीला आधीच अर्धांगवायूच्या रुग्णाचे उठणेबसणे, खाणेपिणे पाहावे लागते. त्यात सव्वादोन वर्षांचे धावते मूल तिच्यावर सोपवणे दोघांनाही धोक्याचे आहे. त्यापेक्षा गावाकडची एखादी खात्रीची मावशी घरीच राहायला ठेवावी.

सदाशिवनगर_आई
घरी राहणारी एकच मावशी, हा उपाय मला मान्य नाही. मीही मुलगा लहान असताना एकटीनेच पीजी केले. मावशी गावच्या जत्रेला गेली आणि दोन दिवसांनी येते म्हणून महिनाभर आली नाही, तेव्हा युनिटसमोर मान खाली घालायची वेळ आली. त्यानंतर मी दोघी ठेवल्या : एक शेजारच्या गल्लीतल्या, मुले मोठी झालेल्या बाई, आणि दुसऱ्या रात्रपाळी सोडलेल्या जुन्या आया. ड्युटी आळीपाळीने दोघींकडे जाई, त्यामुळे मुलाला दोघींची सवय झाली आणि एक अडली तर दुसरी येत असे. पहिले काही दिवस मी घरी असतानाच त्यांना रात्री झोपायला बोलावले. मूल रात्री रडत उठते तेव्हा कोणते पांघरूण लागते, दिवा चालू ठेवायचा की बंद, हे त्यांनी माझ्यासमोर पाहिले. कपाटाच्या दारावर मुलाचे वजन, तापाच्या औषधाची मात्रा आणि लेबर रूमचा फोन नंबर लिहिलेला कागद असे, कारण प्रसूती चालू असताना आपला मोबाईल कोणीच उचलत नाही.

वकील_अनगोळ
दोघींच्याही आधारकार्डाची प्रत घ्यावी आणि पोलीस पडताळणी करून घ्यावी. अचानक मुलीला दवाखान्यात न्यावे लागले, तर नेण्यास संमती असल्याचे सहीचे पत्रही घरात ठेवावे.

टिळकवाडीतील_बालरोगतज्ज्ञ
रोस्टर (ड्युट्यांचे वेळापत्रक) लागण्याआधी विभागप्रमुखांना भेटावे. ड्युटी कमी करा असे न म्हणता, महिन्याच्या तारखा आधी मिळाव्यात आणि अदलाबदल लेखी मान्य व्हावी, एवढेच मागावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पीजी नियमांत कामाचे तास वाजवी असावेत, विश्रांतीला वेळ मिळावा, कामाची निकड नसेल तर साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवस नैमित्तिक रजा मिळावी, असे म्हटले आहे. त्या रजा सुरुवातीलाच संपवू नयेत. अदलाबदलीच्या बदल्यात सहकाऱ्यांच्या सणावाराच्या ड्युट्या घ्याव्यात.

सदाशिवनगर_आई
सर, सणाच्या ड्युट्या घेण्याचा सल्ला देऊ नये. गणपती-दिवाळीत सांभाळणाऱ्या बायकाही आपापल्या घरी जातात. बदल्यात रविवार घ्यावेत. सणाच्या तारखा आजीसाठी राखून ठेवाव्यात.

खानापूरच्या_काकू
आजी सणापुरती तर येईल ना? बायकांना बस फुकट आहे.

निपाणीकर
काकू, कर्नाटकाची शक्ती योजना कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी आणि राज्यातल्या राज्यात आहे. चंदगडच्या आजींना महाराष्ट्राच्या एसटीत अर्धे तिकीट मिळते, पण तेही हद्दीपर्यंतच. सीमेवरच्या शिनोळीच्या पुढे पूर्ण भाडे लागेल. अर्थात अडचण भाड्याची नसून मागे आजोबांजवळ कोण थांबेल ही आहे.

शहापूरची_लेक
सर्वांचे मनापासून आभार. सणाच्या दिवसांत आजोबांजवळ माझा चुलतभाऊ थांबायला तयार आहे, असे आईने आत्ताच फोनवर सांगितले. पाळणाघराचा अर्ज उद्या देते. सदाशिवनगरच्या ताई, दोन गोष्टी विचारायच्या आहेत : रात्रीचे पैसे महिन्याने ठरवले होते की ड्युटीमागे? आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच बाई थांबत, की सकाळी मुलाला पाळणाघरात सोडून जात?

सदाशिवनगर_आई
पैसे महिन्याने ठरवावेत. ड्युटीमागे दिले, तर ज्या महिन्यात ड्युट्या कमी त्या महिन्यात बाई दुसरे काम धरतात. सकाळी नऊला त्याच बाई मुलाला पाळणाघरात सोडत. रात्र जागलेल्या बाईंना दुपारपर्यंत थांबवू नये. वडगावातल्या एक ओळखीच्या बाई सध्या मोकळ्या आहेत. व्यक्तिगत संदेश पाठवते, आज रात्रीच बोलून घ्यावे.