आईच्या काखेतल्या गाठी आणि काकूंची पावडर

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर):
आईचं स्तनाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या १४ पैकी २ लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथींमध्ये) कॅन्सर निघाला. चाळीस वर्षं विड्या वळणारी बाई, सूप मांडीवर नसलं की तिला करमत नाही. आता उशीवर हात टेकवून गप्प बसून असते. काकू म्हणतात, "तिची इम्युनिटीच संपली होती, म्हणून पसरलं." १८०० रुपयांचा पावडरचा डबाही आणलाय. डॉक्टर मात्र राउंडला जाता जाता बोलले, काही संरक्षक पेशीच कॅन्सरला वाट करून देतात. म्हणजे घरभेदी म्हणायचं का ओ?

उत्तर १ (जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर):
घरभेदी नाही, फितवलेल्या. मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी सफाई करतात, जखमा भरतात. कॅन्सरची गाठ त्यांना जखमेसारखीच वाटते. तिथे जमल्या की गाठीच्या प्रभावाखाली यातल्या काही व्हीईजीएफ-सी नावाचं प्रथिन सोडतात. ते लसिकावाहिन्यांच्या (लसिकारस म्हणजे लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतीवरच्या व्हीईजीएफआर-३ या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं आणि गाठीभोवती नव्या वाहिन्या फुटतात, जुन्या रुंदावतात. स्तनातला बहुतेक लसिकारस काखेकडेच वाहतो, म्हणून पहिला मुक्काम तिथे.

दुसरी गंमत (गंमत कसली म्हणा): डेंड्रिटिक पेशी (याही संरक्षकच) सीसीएल-२१ या रसायनाचा माग काढत नोडपर्यंत जातात, त्यासाठी त्यांच्यावर सीसीआर-७ हा ग्राहक असतो. स्तनाच्या कॅन्सरपेशींवरही तो सापडतो, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. चोराने पोस्टमनचा डगला घालावा तसं. कॅन्सरपेशींना मारणाऱ्या मारेकरी टी-पेशी असतात, पण रेग्युलेटरी टी-पेशी त्यांना आवरतात.

तेव्हा इम्युनिटी 'कमी की जास्त' एवढ्यावर हे ठरत नाही. केमो चालू होणार असेल तर तो डबा आधी डॉक्टरांना दाखवा.

उत्तर २ (जुळे सोलापूर):
माझ्या वेळी आधी निळा रंग टोचून पहिला नोड शोधला होता. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी! आमचे हे पार घाबरले, नर्सबाई हसत सुटल्या. आईंना हाताचे व्यायाम फिजिओकडून शिकवून घ्या. नोड काढले की हाताला सूज येऊ शकते. मला भाकरी थापताना बांगडी रुतली तेव्हा कळलं, तोवर उशीर झाला होता.

प्रश्नकर्ता:
मास्तर, डगल्याचं आईला सांगितलं, हसली. डबा उद्या ओपीडीत नेतो. बांगड्या आत्ताच काढल्या.