कार्लो पारोला: एका फोटोने मोठा केला की झाकून टाकला?

सेंटरहाफ:
पानिनी कंपनीच्या फुटबॉल स्टिकरच्या पाकिटावर हवेत आडवा झालेला, पाय डोक्याच्या वर गेलेला खेळाडू आठवतोय? तो युव्हेंटस या इटालियन क्लबचा बचावपटू कार्लो पारोला. १५ जानेवारी १९५०, फ्लोरेन्स, समोर फिओरेन्टिना. कोर्रादो बांकी या छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. दहातले नऊ जण तो गोल समजतात. गोल कसला, पारोला आपल्या गोलवर येणारा चेंडू परतवत होता आणि सामना ०-० सुटला! १९३९ ते १९५४ युव्हेंटसकडून खेळलेला, दोनदा लीग जिंकलेला माणूस, आणि आपल्याला त्याची एकच उडी ठाऊक. माझ्या मते हा अन्याय आहे.

डावखुरा:
साफ असहमत. फोटो नसता तर आज पारोलावर धागा निघालाच नसता. इटलीकडून जेमतेम १० सामने. १९४७ ला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ब्रिटनविरुद्ध उर्वरित युरोपच्या संघात निवड झाली, तिथे ६-१ ने मार खाल्ला आणि त्यातला एक स्वयंगोल पारोलाचाच. १९५० च्या विश्वचषकात स्वीडनने इटलीला ३-२ हरवलं, तेव्हाही बचावाच्या मधोमध तोच होता. स्वीडनचा सेंटर फॉरवर्ड येपसन दोन गोल करून गेला.

सेंटरहाफ:
अख्ख्या युरोपातून अकरा जण निवडले त्यात इटलीचा हा एकटा, हे तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत! आणि १० चा आकडा कुठल्या काळातला ते बघा. ऐन विशीत युद्ध. नंतर तोरिनो या क्लबचा जमाना: हॅम्पडनच्या दुसऱ्याच दिवशी, ११ मे १९४७ ला, इटलीचा प्रशिक्षक पोत्सोने हंगेरीविरुद्ध तोरिनोचे दहा जण उतरवले होते. ब्राझीलमधल्या त्या १९५० च्या विश्वचषकाआधी वर्षभर सुपेर्गाच्या विमान अपघातात तोरिनोचा तो संघच गेला. त्या मोडलेल्या इटलीचा पराभव पारोलाच्या माथी मारू नका.

रविवारची_मॅच:
दोघेही खेळाच्या पद्धतीबद्दल बोलतच नाही आहात. पारोला घडला तो 'मेतोदो' या जुन्या इटालियन पद्धतीत. तिथे सेंटर हाफ म्हणजे संघाचा मेंदू, चेंडू घेऊन पुढे निघणारा. मग डब्ल्यूएम ही खेळाडूंच्या मांडणीची नवी पद्धत आली आणि त्याला स्टॉपर केलं: समोरच्या सेंटर फॉरवर्डला चिकटून राहा, बस. नव्या कामातही त्याने जुना डौल सोडला नाही. दुसऱ्या कुणीही फोटोतला तो चेंडू धोपटून बाहेर घालवला असता. म्हणून मला तो फोटो अन्याय वाटत नाही, त्यात अख्खा पारोला दिसतो.

डावखुरा:
डौल मान्य, पण डौलाने पदकं मिळत नाहीत. प्रशिक्षक म्हणूनही तेच. १९७४-७५ ची लीग युव्हेंटसला जिंकून दिली, कबूल. पुढच्याच मोसमात पाच गुणांची आघाडी घेऊन लागोपाठ तीन सामने हरले, लीग गेली तीही तोरिनोकडे, आणि १९७६ ला त्याच्या जागी त्रापात्तोनी प्रशिक्षक म्हणून आला.

सेंटरहाफ:
एक लीग विजेतेपद आणि एक दुसरा क्रमांक, याला तुम्ही अपयश म्हणता? तीन सामने धरता, तर आधीचा अख्खा मोसमही धरा. स्टॉपरच्या नशिबी हेच असतं: वाचवलेले गोल कुणी मोजत नाही, खाल्लेले सगळे मोजतात. बचावपटूला हा माप लावणं मला मान्य नाही, मग पारोला असो की आणखी कोणी.