डिटर्जंटच्या पाउचवर टोल्युईनची शाई चालू ठेवावी का?

वसईचा रंगारी: खाद्यपदार्थांच्या वेष्टनाच्या शाईत टोल्युईन (शाई पातळ करायचं सॉल्व्हंट) नको, हे आयएस १५४९५ या भारतीय मानकाच्या २०२० च्या आवृत्तीने ठरवलं. पण साबण-डिटर्जंटसाठी बऱ्याच ग्रॅव्हुअर (कोरलेल्या सिलिंडरनं छापणाऱ्या) छापखान्यांत टोल्युईनची शाई चालते. माझं मत, एका मशीनवर दोन्ही ठेवूच नयेत. सकाळी डिटर्जंट, दुपारी चिवडा. मधे ट्रे, नळ्या कितीही धुवा, पंपात शाई उरतेच. गॅस क्रोमॅटोग्राफवर (उरलेलं सॉल्व्हंट तपासायच्या यंत्रावर) टोल्युईन दिसलं की अख्खा माल परत.

माहुलकर: मग मशीन वेगळं करा, टोल्युईनला का हाकलता? ते ११०.६ अंशांना उकळतं, त्याच्या जागी वापरायचं इथाइल ॲसिटेट ७७ ला. मुंबईच्या जुलैत इथाइल इतकं झपाट्यानं उडतं की छापलेला थर गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि छपाई पांढुरकी होते. सिलिंडरच्या बारीक खाचांत शाई वाळून हलक्या छटांचे ठिपके छापायचेच राहतात, ते वेगळंच.

शाईवाला: माहुलकर, नुसतं इथाइल घालून तुलना करणं सोयीचं आहे. एन-प्रोपाइल ॲसिटेट १०१-१०२ अंशांना उकळतं, उडण्याचा वेग टोल्युईनच्या आसपास. पावसाळ्यात इथाइल कमी करून प्रोपाइल वाढवायचं आणि बी-४ कपातून शाई वाहून जायला लागणारे सेकंद वरचेवर मोजायचे, म्हणजे शाईचा दाटपणा कळतो. शिवाय टोल्युईनमधून वीज वाहत नाही. प्लास्टिकच्या बादलीत ओतताना स्थिर वीज साचते, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते ते तापमान) फक्त ४ अंश. इथाइल, प्रोपाइल ॲसिटेटसारख्या एस्टरमधून ती लवकर निघून जाते.

माहुलकर: इथाइलचा फ्लॅश पॉइंट तर उणे ४! अर्थिंगची क्लिप आणि लोखंडी बादली दोन्हीकडे हवीच. प्रोपाइलचं मान्य, भाव परवडला तर.

वसईचा रंगारी: भावाचं ऐकून एक सांगतो. जुन्या, टोल्युईनवर चालणाऱ्या पॉलिअमाइड राळेच्या शाईच्या डब्यात थेट एस्टर ओतू नका. तिला टोल्युईनसारखं हायड्रोकार्बन आणि अल्कोहोल यांची जोडी लागते, नुसत्या एस्टरनं शाईचं दही होतं. बदलायचं तर शाईच पॉलियुरेथेनची घ्या.

माहुलकर: म्हणजे उरलेल्या जुन्या शाईचं नुकसान कोणाच्या माथी?

शाईवाला: ती डिटर्जंटच्या कामात संपवा, टोल्युईनच्या वेगळ्या मशीनवर. रबर रोलरही बघून घ्या. नायट्राइल रबर एस्टरमध्ये फुगतं, ईपीडीएम रबर टोल्युईनमध्ये. म्हणून दोन्ही सॉल्व्हंट एकाच रोलरवर फिरवता येत नाहीत. रंगारींचा पहिला मुद्दा तिथेच खरा ठरतो, चिवडा असो वा नसो.