'मिश्र' सेरेब्रल पाल्सीची नोंद नेमकी कशी करावी?

प्रश्न (पालक): माझ्या मुलाच्या अहवालात 'मिश्र सेरेब्रल पाल्सी' (मेंदूच्या इजेमुळे हालचाल व स्नायूंच्या ताणावर परिणाम होणारा विकार) एवढेच निदान लिहिले आहे. त्याचे पाय ताठ असतात आणि एखादी वस्तू उचलायला गेला की हात व मान पिळवटतात. झोपेत मात्र हे पिळवटणे थांबते. एका तज्ज्ञांनी याला स्पास्टिक म्हटले, दुसऱ्यांनी डिस्टोनिक. यांतले कोणते मत ग्राह्य धरावे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट): बहुधा दोन्ही. झोपेतील फरक आपण टिपलात, हे फार मोलाचे आहे. स्पास्टिसिटीत स्नायूंचा विरोध वेगानुसार बदलतो: सांधा सावकाश हलवला तर तो बराचसा वळतो, झटकन हलवला तर मध्येच अडकतो. डिस्टोनियात मात्र मूल स्वतः काही करू लागले, भावना उचंबळल्या किंवा दुसऱ्याच अवयवाची हालचाल झाली की ताण वाढतो आणि शरीर वाकडे होते. हा भेद पडताळण्यासाठी 'हायपरटोनिया असेसमेंट टूल' ही स्नायूंचा वाढलेला ताण तपासणारी चाचणी आहे. ती प्रत्येक हातापायाची स्वतंत्रपणे करतात, त्यामुळे पायांत स्पास्टिसिटी आणि हातांत डिस्टोनिया असे चित्रही स्पष्ट होते.

उत्तर (बालमेंदूविकारतज्ज्ञ): सेरेब्रल पाल्सीची व्याख्या आणि वर्गीकरण यांविषयी 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अहवालाने घटक न सांगता नुसते 'मिश्र' लिहू नये, तर प्रमुख विकार आधी नोंदवून सोबतचे विकार दुय्यम म्हणून लिहावेत, असे सुचवले आहे. माझ्या मते हा आग्रह योग्यच आहे, कारण उपचार त्यावर ठरतात. पाठीच्या कण्याजवळील निवडक संवेदी चेतातंतूंची मुळे छेदण्याच्या शस्त्रक्रियेने स्पास्टिसिटी कमी होते, डिस्टोनिया नव्हे. तो लक्षात न घेता शस्त्रक्रिया केली तर अपेक्षित लाभ मिळत नाही. चालण्याफिरण्याची क्षमता मात्र जीएमएफसीएस या हालचालींच्या क्षमतेच्या वर्गीकरणातील 5 स्तरांनी वेगळी नोंदवावी.

प्रश्न (पालक): हा प्रकार वयानुसार बदलू शकतो का?

उत्तर (बालमेंदूविकारतज्ज्ञ): मेंदूची मूळ इजा वाढत नाही, परंतु तिची लक्षणे बदलू शकतात. विशेषतः डिस्टोनिया पहिल्या काही वर्षांत हळूहळू उघड होतो, म्हणून लहानपणी केलेले वर्गीकरण पुन्हा तपासावे लागते. पुढील भेटीला जाताना वस्तू उचलतानाचे, शांत बसलेले आणि झोपेतले असे छोटे व्हिडिओ सोबत न्या, आणि प्रमुख व दुय्यम विकार अवयवनिहाय लिहून देण्याची विनंती करा.